तटस्थ मत म्हणजे हात झटकणं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००९ साली श्रीलंकेतल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत हजारो तमिळ नागरिक मारले गेले. तरीही जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, श्रीलंकेवर ठराव आला की भारत कधी बाजूने मत देतो, कधी तटस्थ राहतो. हे धोरण आहे की धरसोड? आणि शेजारच्या देशात असे अत्याचार होतात तेव्हा निषेधाच्या पत्रकापलीकडे सरकारच्या हातात असतं तरी काय?

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ‘भारताने मत कसं दिलं’ हा एक आणि ‘भारताने केलं काय’ हा दुसरा. बातम्यांमध्ये पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी खपवलं जातं, म्हणून सगळा गोंधळ. मत हा या कामाचा सर्वांत जास्त दिसणारा भाग आहे, आणि बऱ्याच वेळा सर्वांत कमी महत्त्वाचा.

परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधी सांगतो, कारण सगळीकडे चालेल असा एक नियम इथे नाही. देश शेजारी आहे की दूरचा? पीडित समाजाचे सोयरे आपल्या हद्दीत राहतात का? ज्यांच्यावर आरोप आहे तेच सत्तेवर आहेत का? आणि युद्ध चालू आहे की संपलंय? कॅनडाने जानेवारी २०२३ मध्ये महिंदा आणि गोटाबाया राजपक्षे या दोघा माजी राष्ट्राध्यक्षांवर निर्बंध लावले. ते कॅनडाला परवडलं. धनुष्कोडीपासून तलैमन्नार जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. मधल्या पाण्यात दोन्हीकडचे मच्छीमार, या किनाऱ्यावर तमिळनाडूतल्या निर्वासित छावण्या आणि पलीकडे चिनी कंपनीला २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या कराराने दिलेलं हंबनटोटा बंदर. दिल्लीला कोलंबोशी बोलणं थांबवण्याची चैन करता येत नाही. पण बोलणं चालू ठेवण्याच्या नावाखाली काहीच न मागणं, हा त्याचा अर्थ होत नाही.

आता मतांचा हिशेब. युद्ध संपलं १८-१९ मे २००९ ला. आठवड्याभरातच मानवाधिकार परिषदेचं विशेष अधिवेशन भरलं. तिथे मंजूर झालेला ठराव खुद्द श्रीलंकेच्याच बाजूने लिहिलेला होता: त्यात सैन्याशी लढणाऱ्या तमिळ बंडखोर संघटनेचा, एलटीटीईचा, निषेध होता, चौकशीचं नाव नव्हतं. तो २९ विरुद्ध १२ असा मंजूर झाला, ६ तटस्थ. भारत बाजूने. मार्च २०१२ मध्ये अमेरिकेने आणलेला ठराव २४ विरुद्ध १५, भारत बाजूने. म्हणजे या वेळी श्रीलंकेच्या इच्छेविरुद्ध. २०१३ मध्ये २५ विरुद्ध १३, पुन्हा बाजूने. २०१४ मध्ये २३ विरुद्ध १२ आणि १२ तटस्थ. त्या बारांत भारत. २०१५ चा ठराव श्रीलंकेनेच सहप्रायोजक होऊन मान्य केला, तो मतदानाविना झाला. कोलंबोत सत्ता बदलल्यावर २०२० मध्ये त्यांनी ते सहप्रायोजकत्व मागे घेतलं. मग २०२१ मध्ये २२ विरुद्ध ११, १४ तटस्थ आणि २०२२ मध्ये २० विरुद्ध ७, २० तटस्थ. दोन्ही वेळा भारत तटस्थ.

नुसती रांग बघितली तर धरसोड वाटते. प्रत्येक ठरावाचे ऑपरेटिव्ह परिच्छेद काढून वाचले की चित्र बदलतं. ठरावाचे दोन भाग असतात. वरचे प्रास्ताविक परिच्छेद आठवण करून देतात, दखल घेतात, खंत व्यक्त करतात. खालचे क्रमांक टाकलेले परिच्छेद काम सांगतात, तेच ऑपरेटिव्ह. क्रियापदांची उतरंड ठरलेली आहे: ‘आवाहन करते’ सौम्य, ‘आग्रह धरते’ त्याहून कडक. पण ही सगळी क्रियापदं संबंधित देशाला उद्देशून असतात आणि तो देश ती कानाआड करू शकतो. खरं वजन ‘ठरवते’ आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांना ‘विनंती करते’ या दोन शब्दांत, कारण तिथे संयुक्त राष्ट्रांची यंत्रणाच कामाला लागते, माणसं नेमली जातात, पैसे लागतात. म्हणून असा ठराव मताला टाकताना सोबत खर्चाचा अंदाज जोडलेला असतो. खर्चाचा कागद आहे म्हटलं की समजावं, ठरावाला दात आहेत.

२०१२ चा ठराव या दृष्टीने फार शिकवणारा आहे. श्रीलंका सरकारनेच २०१० मध्ये ‘धडे आणि सलोखा’ या विषयावर आयोग नेमला होता, एलएलआरसी. त्याचा अहवाल डिसेंबर २०११ मध्ये त्यांच्याच संसदेत ठेवला गेला. ठराव लिहिणाऱ्यांनी बाहेरचा एकही आरोप मध्यवर्ती केला नाही. मुख्य मागणी ही: तुमच्या आयोगाने ज्या शिफारशी केल्या, त्या अमलात आणा. सार्वभौमत्वाचा मुद्दा काढणाऱ्या सरकारला सर्वांत अडचणीत आणणारी हीच पद्धत, कारण स्वतःच्या आयोगाला परकीय म्हणता येत नाही.

त्यातला तिसरा परिच्छेद पाहा. मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाने श्रीलंकेला सल्ला आणि तांत्रिक साहाय्य द्यावं, असं तो म्हणतो. मंजूर झालेल्या मजकुरात हे साहाय्य श्रीलंका सरकारशी ‘सल्लामसलत करून आणि त्याच्या संमतीने’ द्यायचं आहे. ही दुरुस्ती भारताच्या आग्रहाने आली असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. सल्लामसलत म्हणजे विचारा; संमती म्हणजे तो नाही म्हणाला तर थांबा. दोन शब्दांनी सगळी चावी कोलंबोच्या खिशात गेली. तमिळ संघटनांनी यावर टीका केली आणि ती गैरलागू नव्हती. पण त्या दुरुस्तीच्या बदल्यात काय मिळालं तेही मोजायला हवं: आशियातला सर्वांत मोठा शेजारी श्रीलंकेविरुद्धच्या रकान्यात उभा राहिला, आणि हे अंतर्गत प्रकरण आहे हा बचाव पहिल्यांदा ढासळला.

२०१४ मध्ये दहाव्या परिच्छेदाने उच्चायुक्त कार्यालयाला स्वतःची सर्वंकष चौकशी करायला सांगितलं. संमतीची अट गेली. भारताने तिथे हात मागे घेतला आणि कारणही दिलं: बाहेरून घुसणारी चौकशी देशाच्या संस्थांना कमकुवत करते. म्हणजे भारताचं मत कोलंबोतल्या सरकारच्या रंगावर ठरत नव्हतं, ‘सक्तीची बाह्य यंत्रणा आहे की नाही’ यावर ठरत होतं. २०२१ च्या ठरावातल्या सहाव्या परिच्छेदाने याच कार्यालयाला पुरावे गोळा करणं, एकत्र करणं, तपासणं आणि जपून ठेवणं हे काम दिलं, भविष्यातल्या खटल्यांसाठी. पुन्हा बाह्य यंत्रणा, पुन्हा तटस्थ. रेषा सरळ आहे. ती योग्य आहे का, हा वेगळा वाद.

रेषा आली कुठून? १९९४ मध्ये पाकिस्तानने जिनिव्हात, तेव्हाच्या मानवाधिकार आयोगात, काश्मीरवर ठराव आणला होता. नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना शिष्टमंडळाचे प्रमुख करून पाठवलं आणि अखेर पाकिस्तानला ठराव मागे घ्यावा लागला. तेव्हापासून ‘एका देशाचं नाव घेऊन बाहेरची चौकशी’ या वाक्याची दिल्लीला ॲलर्जी आहे. २०१८ मध्ये उच्चायुक्त कार्यालयाने काश्मीरवर अहवाल काढल्यावर ती वाढलीच. आज दुसऱ्यासाठी मान्य केलेली यंत्रणा उद्या आपल्या दारात उभी राहील, ही भीती. ती प्रामाणिक आहे. फक्त तिला तत्त्वाचा मुलामा देऊन ‘आम्ही देशनिहाय ठरावांच्या विरोधात’ असं सांगितलं जातं तेव्हा २०१२ आणि २०१३ ची मतं आडवी येतात.

त्या दोन मतांमागे चेन्नई होती, हे उघड गुपित. १९ मार्च २०१३ ला द्रमुकने याच मुद्द्यावर यूपीए सरकारचा पाठिंबा काढला. लोकसभेत त्यांचे १८ खासदार होते. दोन दिवसांनी मतदान. देशांतर्गत राजकारणाने परराष्ट्र धोरण बिघडवलं असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. लोकशाहीत शेजारच्या देशातल्या हत्याकांडावर सरकारला बोलतं करणारा दुसरा कोण असतो? बिघडतं ते तेव्हा, जेव्हा दबाव टाकणाऱ्यांना मतदानाच्या दिवसापुरताच रस असतो.

तटस्थ मताचं गणितही लक्षात ठेवा. परिषदेत ४७ सदस्य आहेत, पण बहुमत मोजतात ते फक्त बाजूने आणि विरोधात पडलेल्या मतांत. म्हणून ४७ पैकी २० मतांवरही ठराव मंजूर होतो, जसा २०२२ ला झाला. तटस्थ मत ठराव पाडत नाही, वाचवतही नाही. २०२१ नंतर कोलंबोने विरोधातली ११ आणि तटस्थ १४ यांची बेरीज करून ‘२५ देशांनी ठरावाला साथ दिली नाही’ असा दावा केला. हे अंकगणित राजकीय भाषणाला ठीक, परिषदेच्या नियमांत त्याला जागा नाही. तितकंच खोटं ‘भारताने श्रीलंकेला वाचवलं’ हे वाक्य.

मतामागे दिलेलं निवेदन मात्र वाचायलाच हवं. मतदानाच्या आधी किंवा नंतर प्रत्येक देशाला मतामागची भूमिका सांगता येते आणि ती नोंदीत राहते. २०२१ मध्ये भारताने दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: तमिळांना समता, न्याय, सन्मान आणि शांतता, आणि श्रीलंकेची एकता व अखंडता. यातलं एकच निवडायचं आहे असं आम्ही मानत नाही, असं सांगून प्रांतिक परिषदांच्या निवडणुका घ्या आणि प्रांतांना अधिकार देणारी श्रीलंकेची तेरावी घटनादुरुस्ती राबवा, असं पुढे जोडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये, मतदानाच्या काही आठवडे आधी, भारताने तिथेच सांगितलं की राजकीय तोडग्याच्या बाबतीत मोजता येईल अशी प्रगती दिसत नाही आणि याची आम्हाला चिंता वाटते. भारताच्या मापाने हे कडक आहे. ‘मोजता येईल अशी’ हे विशेषण राजनैतिक मजकुरात सहज पडत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: मताबाहेर काय असतं?

युद्ध चालू असतानाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण एप्रिल २००९. शेवटच्या पट्ट्यात लाखो नागरिक अडकलेले, सैन्याने स्वतःच जाहीर केलेल्या ‘नो फायर झोन’मध्ये तोफगोळे पडत होते. २४ एप्रिलला राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार नारायणन आणि परराष्ट्र सचिव मेनन कोलंबोला गेले. २७ तारखेला श्रीलंका सरकारने जाहीर केलं की जड तोफा आणि हवाई हल्ल्यांचा वापर थांबवतो. त्याच दिवशी चेन्नईत करुणानिधींनी उपोषणाला बसून ते सोडलं. तमिळनाडूत लोकसभेचं मतदान १३ मेला होतं. बंद दाराआडच्या बोलण्याने काय मिळू शकतं त्याचा हा नमुना. आणि काय निसटतं त्याचाही. आश्वासन मिळालं, पण ते पाळलं जातंय का हे बघायला तिथे कुणीच नव्हतं: पत्रकार नाहीत, संयुक्त राष्ट्रांचे परदेशी कर्मचारी आधीच बाहेर काढलेले. त्यानंतरही तोफांचा मारा चालूच राहिला, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाच्या २०११ च्या अहवालात आहे. त्या अंतिम टप्प्यातल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा ४०,००० पर्यंत असू शकतो असंही तो म्हणतो.

खासगी मुत्सद्देगिरी फसते ती बहुधा इथेच. ‘थांबवतो’ हा शब्द घेताना ‘कुणासमोर, कधीपासून, पाहणार कोण’ हे तिन्ही त्याच बैठकीत पदरात पाडून घ्यावं लागतं. उदाहरणार्थ रेडक्रॉसच्या बोटींना रोज जखमी हलवायची परवानगी, आणि त्या रोजच्या संख्येची लेखी नोंद. अशी बारीक, मोजता येणारी मागणी नाकारणं अवघड असतं आणि ती मोडली की लगेच दिसते. ‘नागरिकांचं संरक्षण करा’ अशी मोठी मागणी मान्य करायला काहीच लागत नाही.

युद्धानंतरचं साधन म्हणजे तेरावी घटनादुरुस्ती. २९ जुलै १९८७ च्या राजीव गांधी–जयवर्धने करारातून ती आली, त्यामुळे या एका विषयावर बोलण्याचा अधिकार भारताकडे कागदोपत्री आहे. दुसऱ्या कुठल्याच देशाकडे नाही. उत्तर प्रांतात पहिली निवडणूक झाली ती सप्टेंबर २०१३ मध्ये, तमिळ आघाडीने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या. दोनच महिन्यांनी कोलंबोत राष्ट्रकुल परिषद होती. कॅनडाच्या हार्पर यांनी बहिष्कार घातला, ब्रिटनचे कॅमेरन गेले आणि उत्तर प्रांतातल्या जाफन्याला जाऊन आले, मनमोहन सिंग स्वतः न जाता परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांना पाठवून मोकळे झाले. तिघांत सर्वांत कमी परिणाम मधल्या वाटेचा झाला असं मला वाटतं: यजमानाला अपमान जाणवला, आणि जाफन्यात जाऊन बोलायची संधीही गेली. आधी निवडणूक पदरात पाडून घेतली होती, तर पंतप्रधानांनी नव्या मुख्यमंत्र्यांना जाफन्यात भेटणं हे जास्त वजनाचं ठरलं असतं.

पैशाचं साधन वापरायला सर्वांत अवघड. उत्तर-पूर्वेत आणि चहाच्या मळ्यांत ५०,००० घरांची योजना भारताने केली, रेल्वेमार्ग पुन्हा टाकून दिले. ते तमिळांपर्यंत थेट पोचलं, पण घर मिळालेल्या माणसाची जमीन लष्कराच्या ताब्यात असेल तर घर कुठे बांधायचं, हा प्रश्न घराच्या योजनेने सुटत नाही. २०२२ च्या दिवाळखोरीत भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली आणि जानेवारी २०२३ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेला साथ देण्याचं आश्वासन नाणेनिधीला सर्वांत आधी दिलं. तेव्हा अटी का घातल्या नाहीत, असं बरेच जण विचारतात. पेट्रोलच्या आणि औषधांच्या रांगेत जाफन्याचा माणूसही होता. त्या पैशाला निवडणुकीची अट लावणं मला पटत नाही. पण नंतरच्या प्रकल्पांच्या करारांत, वीज जोडणी असो की बंदर, प्रांतिक परिषदेला काही भूमिका द्या अशी कलमं आणता आली असती. धमकीपेक्षा ती टिकाऊ असतात.

अटींची तुलना करायची तर युरोपीय संघाकडे बघा. त्यांच्या आयातशुल्कातल्या ‘जीएसपी प्लस’ सवलतीला २७ आंतरराष्ट्रीय करार पाळण्याची अट आहे. ऑगस्ट २०१० मध्ये सवलत काढली, मे २०१७ मध्ये परत दिली. कपडे उद्योगावर याचा थेट भार, म्हणून १९७९ चा दहशतवादविरोधी कायदा बदलण्याची चर्चा कोलंबोत खऱ्या अर्थाने चालते ती ब्रसेल्सच्या तपासणीच्या आसपास. व्यक्तींवरचे निर्बंध हे तिसरंच हत्यार: अमेरिकेने २०२० मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख शवेंद्र सिल्वा यांना प्रवेशबंदी केली, ब्रिटनने मार्च २०२५ मध्ये त्यांच्यासह चौघांवर निर्बंध लावले, त्यांत एलटीटीईतून फुटलेले करुणाही आहेत. यातून खटला उभा राहत नाही; बढती, प्रशिक्षण, शांतिसेनेतल्या नेमणुका यांची वाट अडते. अशा व्यक्तिगत निर्बंधांचा मार्ग भारत सहसा वापरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बातमी आली की आधी ठरावात ‘ठरवते’ कुठे आहे ते शोधा, मग खर्चाचा कागद आहे का बघा, मग भारताचं निवेदन काढा आणि मागच्या वर्षीच्या निवेदनाशेजारी ठेवून शब्द पडताळा. कुठला शब्द नवा आला यापेक्षा कुठला गळला याकडे जास्त लक्ष द्या.

याचं ताजं उदाहरण. जुलै २०२३ मध्ये श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष विक्रमसिंघे दिल्लीत असताना पंतप्रधान मोदींनी तेरावी घटनादुरुस्ती नाव घेऊन राबवा म्हटलं, आणि प्रांतिक निवडणुका घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष दिसानायके आले तेव्हा निवडणुका कायम होत्या, तेराव्या दुरुस्तीच्या जागी ‘श्रीलंकेची घटना पूर्णपणे अमलात आणणं’ असं आलं. दुरुस्ती घटनेतच आहे, म्हणून अर्थ तोच, असं म्हणता येईल. पण नव्या घटनेची भाषा करणाऱ्या सरकारसमोर ‘घटना’ आणि ‘तेरावी दुरुस्ती’ हे शब्द एकाच किमतीचे राहत नाहीत. आणि निवडणुका तर २०१७ मध्ये निवडणूक पद्धत बदलून मतदारसंघांची पुनर्रचना अर्धवट सोडल्यापासून अडकल्या आहेत. नऊपैकी एकही परिषद २०१४ नंतर निवडून आलेली नाही. त्यासाठी घटना बदलावी लागत नाही, एक साधा कायदा लागतो. दिल्लीने तारीख मागायची असेल तर त्या कायद्याची मागावी.